कलम ४७९ची यादी: पात्र नावं खोडली का जातात?

आकडे_आणि_कायदा विचारतात:
जिल्हा कारागृहातल्या न्यायाधीन बंद्यांची (खटला संपायच्या आधीच आत असलेल्यांची) यादी आढावा समितीपुढे (यूटीआरसी) ठेवायची आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ खाली, कमाल शिक्षेचा ठरावीक भाग आत काढल्यामुळे कोण जामिनावर सुटू शकतं ते त्यातून कळायला हवं. पुढे त्याच आकड्यांवर धोरणाचं टिपण करायचंय. सध्या रकाने चारच: नाव, गुन्हा क्रमांक, कलमं, कारागृहात आल्याची तारीख. कमाल शिक्षेच्या निम्मी आणि (पूर्वी दोषी न ठरलेल्यांसाठी) एक तृतीयांश मुदत काढली, तर पात्र निघालेली बरीच नावं कार्यालय खोडतं. चूक कुठे होते? आणि जामीन मंजूर होऊनही आत असलेल्यांना याच यादीत घ्यायचं का?

रोजनामा:
तारखेपासून सुरू करा. कारागृहाच्या नोंदीत प्रवेशाची तारीख असते, पण मोजणी अटकेपासून करायची. पोलीस कोठडीचे दिवसही धरतात, अंतरिम जामिनावर बाहेर असलेले वजा होतात. आरोपीमुळे खटला लांबला असेल तर तेवढा काळ वगळतात, तो मात्र कोर्टाचा रोजनामा (तारखेगणिक कामकाजाची नोंद) वाचूनच ठरवा. बंद्याला हजरच केलं नाही म्हणून पडलेली तारीख त्याच्या माथी मारू नका.

खरा घोळ कलमांत आहे. रात्रीची घरफोडी घ्या: जुन्या भादंविचं ४५७ आणि ३८०. ३८० ला कमाल ७ वर्षं, एक तृतीयांश २ वर्षं ४ महिने. पण ४५७ ला एरवी ५ वर्षं असली तरी चोरीच्या उद्देशाने केलेल्या गृहभेदाला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे एक तृतीयांश झाली ४ वर्षं ८ महिने आणि निम्मी ७ वर्षं. तुम्ही गणित ७ वर करता, कार्यालय १४ वर, आणि नाव जातं. फसवणुकीत ४२० च्या जोडीला ४६७ (मौल्यवान दस्तऐवजाची बनावट) असेल तर संपलंच. त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे आणि फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला ४७९ लागत नाही. म्हणून एफआयआरवर थांबू नका. दोषारोपपत्रातली कलमं घ्या, आरोप निश्चित झाले असतील तर त्यातली. ४६७ तिथपर्यंत टिकलंय का, ते बघाच.

एक तृतीयांशाचा फायदा पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्यालाच मिळतो. मागे गुन्हे दाखल असणं म्हणजे दोषसिद्धी नव्हे. ‘सराईत’ असा शेरा वाचून माणसाला निम्म्याच्या रकान्यात ढकलणं हा सरळ अन्याय आहे.

उलटतपास:
गुन्हा १ जुलै २०२४ च्या, म्हणजे ही संहिता लागू होण्याच्या आधीचा म्हणून नाव खोडलं असेल तर हरकत घ्या. २३ ऑगस्ट २०२४ ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की ४७९ जुन्या प्रलंबित खटल्यांनाही लागू आहे.

दुसरी अडचण ४७९(२) ची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या ४३६अ या तशाच कलमात ही अट नव्हती. एकाहून अधिक गुन्हे किंवा एकाहून अधिक खटले प्रलंबित असतील तर या कलमाखाली जामीन नाही. शब्दशः वाचलं तर एकाच एफआयआरमध्ये ४५७ आणि ३८० असलेलाही बाद होतो. मग फायदा उरतो कुणाला? तुमच्या टिपणाचा गाभा हाच असायला हवा. तीन गट वेगळे मोजा: एक खटला एक कलम, एक खटला अनेक कलमं, अनेक खटले. मधला गट खोडू देऊ नका, अर्ज जाऊ दे आणि अर्थ कोर्टाला लावू दे. तिसऱ्या गटातला दुसरा खटला खरंच प्रलंबित आहे का, ते ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) तपासा. आणि ४७९ लागू नाही म्हणून नियमित जामिनाचा रस्ता बंद होत नाही.

मुदत भरताच कोर्टाकडे लेखी अर्ज करणं हे ४७९(३) प्रमाणे अधीक्षकांचं काम आहे. त्या अर्जाच्या तारखेचा रकाना हवाच.

जातमुचलका:
जामीन मंजूर झालेल्यांची यादी वेगळीच करा. तिथे सगळं जामीनदारापाशी अडतं: सातबारा नाही, ऐपत दाखला नाही, आणि जामीनदार स्थानिकच हवा. १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता. भाऊ उभा राहिला, तर तो आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून नाकारला. सुप्रीम कोर्टाने तेव्हाच हे चूक ठरवलं.

३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निर्देशांत टप्पे आहेत. आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृहात. ७ दिवसांत सुटका नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही, तर कोर्ट आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. म्हणून आदेशाचा दिवस, सातवा दिवस आणि तिसावा दिवस असे तीन रकाने ठेवा. रक्कमच झेपत नसेल तर ती कमी करायचा अधिकार कलम ४८४ खाली सत्र न्यायालयाला आहे. गरीब कैद्यांच्या योजनेतून पैसे मागायचे असतील तर आधी आदेश वाचा. त्यात जामीनदारच मागितला असेल तर पैसे मंजूर होऊनही गेट उघडत नाही. आधी अट बदलून रोख जामीन किंवा जातमुचलका (जामीनदाराशिवाय स्वतःची लेखी हमी) करून घ्यावा लागतो.

काही जण जाणूनबुजून जामीन भरत नाहीत. दुसऱ्या खटल्यात ते आत असणारच असतात, तर कोठडी दोन्हीकडे मोजली जावी म्हणून. त्यांना ‘गरिबीमुळे अडकले’ या आकड्यात घेऊ नका.

आकडे_आणि_कायदा:
मग एका माणसाची एक ओळ, की एका खटल्याची?

रोजनामा:
ओळ वॉरंटची, म्हणजे प्रत्येक गुन्ह्यात आत ठेवण्याच्या कोर्टाच्या हुकमाची. आधीच आत असलेला बंदी हजेरी वॉरंटवर (कारागृहातून कोर्टात हजर करण्याच्या हुकमावर) दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग केला असेल तर त्या गुन्ह्यातली कोठडी त्या दिवसापासून सुरू होते, पहिल्या अटकेपासून नाही. बंदी क्रमांक प्रत्येक ओळीत ठेवा, म्हणजे समितीसाठी वॉरंट आणि टिपणासाठी माणसं, दोन्ही मोजता येतील.