शेजारच्या काकूंना पालिका निवडणुकीला उभं करायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोपरखैरणेत आमच्या शेजारी एक काकू आहेत. पाणी कधी गेलं, तक्रार कुणाकडे केली, सगळं तारीखवार दोनशेपानी वहीत. वॉर्ड ऑफिसातला शिपाईसुद्धा त्यांना नावानं ओळखतो. पण 'उभ्या राहा' म्हटलं की, "अगं, माझ्याकडे कुठे पैसा?"

२१ वर्षं वय, मतदार यादीत नाव, निम्म्या जागा महिलांना, सगळं सांगून झालं. दोन अपत्यांची अटही आड येत नाही. खरी धास्ती चार नगरसेवकांच्या प्रभागाची. एवढ्या पसाऱ्यात अपक्ष बाईला ओळखणार कोण?

नवी मुंबईत कुणी अपक्ष लढलंय का? खर्चाचा हिशेब रोजच्या रोज कसा ठेवलात? आणि काकांची समजूत कशी काढू? चार दिवस माझ्याशी बोलत नाहीयेत.