नाकाचं ऑपरेशन सप्टेंबरअखेर, लग्न फेब्रुवारीत. जमेल का?

नाकासमोर_चालणारी
वय २६. नाकावर उंचवटा आहे, शिवाय डीएनएस (पडदा डावीकडे वाकडा), त्या बाजूने श्वास अडतो. सर्जन दोन्ही एकदम करू म्हणतात. लग्नाच्या फोटोंत सूज दिसेल का? व्रण राहतो का? चष्मा रोजचा आहे. आणि पॅकिंग (ऑपरेशननंतर नाकात भरलेला बोळा) काढताना जीव जातो म्हणतात, ते खरं का?

कूर्चा
जमेल, पण महिनाभर आधी झालं तर आणखी बरं. डोळ्यांखालचं काळं-निळं १०-१४ दिवसांत जातं. ते का होतं, तर उंचवटा तासला की नाकाचा माथा सपाट, उघडा पडतो. तो मिटवायला दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवतात. नाकावर बसवलेलं स्प्लिंट (आधाराचं कडक कवच) साधारण आठवड्याने निघतं. ढोबळ सूज तीन महिन्यांत ओसरते. चिवट असते ती शेंड्याची, कातडी जाड असेल तर वर्षभरही राहते. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. लोकांना ती कळत नाही, आरशासमोर तुम्हालाच कळेल. म्हणून काही खटकलं तरी दुरुस्तीचं ऑपरेशन सहसा वर्षाच्या आत करत नाहीत.

व्रण : ओपन पद्धतीत दोन नाकपुड्यांमधल्या पट्टीवर काही मिलिमीटरचा, मुद्दाम नागमोडी दिलेला छेद असतो. क्लोज्डमध्ये सगळे छेद आतून. कान टोचल्यावर गाठ (केलॉइड) आली असेल तर आधीच सांगा.

ओटी_सिस्टर
पॅकिंगची धास्ती जुन्या लांबलचक गॉजमुळे आहे. हल्ली बरेच जण पडद्याला विरघळणारे टाके घालतात किंवा आत सिलिकॉनच्या पट्ट्या ठेवतात. तुमचे काय वापरणार, विचाराच.

चष्मा ४-६ आठवडे हाडावर टेकू द्यायचा नाही. लेन्सची सवय आत्तापासून करा, नाहीतर चष्मा चिकटपट्टीने कपाळाला टांगायचा. ध्यान दिसतं, पण काम भागतं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, फिश ऑइल, लसणाच्या गोळ्या, जे काही घेता ते लिहून न्या. रक्तस्राव वाढवणाऱ्या गोष्टी साधारण १-२ आठवडे आधी थांबवतात. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. तंबाखू निदान ४ आठवडे आधीपासून आणि नंतरही तेवढीच बंद. मिश्रीही त्यातच आली, आणि ती कुणी सांगत नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही.

नंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडून.

कूर्चा
एक राहिलं. ठणका कमी होण्याऐवजी वाढला, दोन्ही बाजू गच्च बंद झाल्या, ताप आला, तर पडद्यात रक्त साठलं असू शकतं. पडद्यातल्या कूर्चेला (मऊ, लवचिक हाडाला) पोषण वरच्या आवरणातून मिळतं. मध्ये रक्त साचलं की ते तुटतं, काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक मधोमध बसतं. फॉलोअपच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जा.

नाकासमोर_चालणारी
मेडिक्लेममध्ये बसेल? आणि कॉम्प्युटरवर दाखवलेलं नाक तसंच मिळतं का?

ओटी_सिस्टर
डीएनएसचा भाग बसू शकतो, पण पॉलिसीतला वेटिंग पिरियड बघा. उंचवट्याचा खर्च खिशातून. दोन्हींचं एस्टिमेट वेगवेगळं मागा आणि प्री-ऑथ (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) आधीच करा. एकत्र बिल गेलं की सगळंच कॉस्मेटिक म्हणून नाकारलं जाण्याची शक्यता असते. कॉम्प्युटरचं चित्र ही हमी नव्हे, पण नेमकं काय हवंय ते ठरवायला उपयोगी. त्याची प्रत केसपेपरला लावून घ्या.