मदत हवी आहे: वडिलांना काचबिंदू, पण बिडी आणि दारू सुटत नाही

वडील ६४ वर्षांचे. दोन्ही डोळ्यांना ओपन अँगल काचबिंदू (डोळ्यातलं पाणी निचरा होण्याचा कोन उघडा असलेला प्रकार). टिमोलॉलचे थेंब सकाळ-संध्याकाळ, लॅटानोप्रॉस्टचा थेंब रात्री ९ ला. मागच्या तपासणीत डोळ्यांचं प्रेशर १९ आणि २१. रोज बिडीचं एक बंडल, आठवड्यात तीन-चार रात्री क्वार्टर. दारूने डोळ्याचं प्रेशर उतरतं असा व्हॉट्सॲपवरचा मेसेज दाखवतात. खरं आहे का? आणि बिडीचा डोळ्याशी काय संबंध, असंही वर विचारतात. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मेसेज अर्धा खरा आहे, म्हणूनच त्रासदायक. दारू प्यायल्यावर लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं आणि प्रेशर उतरतं. पण काही तासांपुरतंच. काचबिंदूत ते चोवीस तास आटोक्यात लागतं. शिवाय पिऊन तपासणीला गेलं तर आकडा फसवा, कमी येतो आणि डॉक्टर औषध वाढवायचं ते वाढवत नाहीत. आदल्या संध्याकाळपासून बंद ठेवा. घेतलीच असेल तर डॉक्टरांना सांगा.

खरं नुकसान चुकलेल्या थेंबाचं. क्वार्टर उघडली की ९ चा थेंब कोण घालणार? लॅटानोप्रॉस्ट ते प्यायला बसायच्या आधी, साडेसातलाच घाला आणि रोज तीच वेळ धरा. राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी दोनदा घालू नका, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातल्यास त्याचा परिणाम उलट घटतो. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं.

प्रतिसाद २

बिडीबद्दल. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो. काचबिंदूत आधीच पिचलेल्या डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा असा दोन्हीकडून तुटतो. मिश्री-तंबाखूत धूर नसला तरी निकोटिन आहेच.

मला जास्त काळजी टिमोलॉलची वाटते. थेंब नाकात उतरून रक्तात जातो आणि श्वासनलिका आवळू शकतो. दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसांचा आजार) असेल तर हे औषध देतच नाहीत, आणि इतकी वर्षं बिडी ओढणाऱ्याला सीओपीडी असल्याचं कित्येकदा घरच्यांना माहीतच नसतं. जिना चढताना धाप, रात्री घरघर असेल तर आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना कळवा, ते औषध बदलून देतील. स्वतःहून बंद करू नका. तोवर थेंब घातल्यावर डोळा मिटून, नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं हलका दाब द्या.

अजून एक: काचबिंदूत सहसा कडेची नजर आधी जाते. मधलं धूसर दिसत असेल, लाल रंग फिका वाटत असेल तर तंबाखू-दारूने नस दुखावल्याचा संशय येतो. बी-१२ आणि फॉलिक ॲसिड तपासून घ्या.

धागाकर्ता

धन्यवाद. जिना चढताना धाप लागते, उद्याच जातो. निकोटिनचं च्युइंगम चालेल का?

प्रतिसाद २

निकोटिन असलं तरी धूर नाही, त्यामुळे बिडीपेक्षा बरंच. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर ४ मिग्रॅ, नाहीतर २ मिग्रॅ. तिखट लागेपर्यंत चावायचं, मग गालात ठेवायचं. सतत चघळलं की उचकी आणि जळजळ. चहानंतर पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. तंबाखू सोडायला कुणी बुप्रोपिऑनची गोळी सुचवली तर काचबिंदू आहे हे आधी सांगा, डोळ्यातला निचऱ्याचा कोन (अँगल) अरुंद असलेल्यांना ती धोक्याची. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी मोफत क्रमांक १८००-११२-३५६.