पाणी वाचवायचं तर झाडं बदला, बाकी सगळं नंतर

मातकट: स्पष्टच लिहितो. हिरवळ, कर्दळ, केळ काढून टाका. बोगनवेल, कण्हेर, कोरफड, सदाफुली लावा. कोरफड पानांवरची रंध्रं रात्री उघडते आणि दिवसा मिटून घेते, म्हणून भर उन्हातही तिचं पाणी फारसं उडत नाही. झाड स्वतःच एवढी काटकसर करतंय, तर आपण ठिबकच्या नळ्यांत कशाला गुंतायचं?

झारीवाली: माझं अडेनियम (फुगीर बुंध्याचं, कमी पाण्यावर जगणारं झाड) मेलं ते पाण्यावाचून नाही, पाण्यानेच. शेजारी कर्दळ होती. तिला रोज पाणी, त्यातलं यालाही आपसूक. बुंधा दाबून पाहिला तर मऊ लागला, महिन्याभरात कुजून आडवा. तहानलेल्या झाडाला खेटून चिवट झाड लावलं की पाणी तर वाचत नाहीच, झाडही जातं. आधी पाण्याच्या गरजेप्रमाणे वाफे पाडा, मग रोपं आणा. आणि कण्हेरीलासुद्धा मुळं खोल जाईपर्यंत, साधारण पहिलं वर्षभर, पाणी द्यावंच लागतं. हे कुणी सांगत नाही आणि रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळतं.

मातकट: पहिलं वर्ष मान्य. पण सगळीच झाडं कमी पाण्याची घेतली तर वाफे पाडायचेच कशाला? आलो की नाही पुन्हा निवडीवर!

खुरपं: निवडीवरच बोलायचं तर चिवट झाड कुंपणाच्या आत थांबेल याची हमी कोण देणार? ऑस्ट्रेलियात बाहेरून नेलेला फड्या निवडुंग १९२०च्या दशकापर्यंत सुमारे २.४ कोटी हेक्टरवर पसरला होता. १९२६ पासून अर्जेंटिनातून आणलेल्या एका पतंगाच्या अळ्या त्यावर सोडल्या, तेव्हा कुठे आवरला. घाणेरीही तसलीच. पाणी कमी, फुलं रंगीत, आणि बिया पक्षी नेतात दूरवर. ‘पाणी लागत नाही’ एवढ्यावर भाळू नका.

झारीवाली: हिरवळ काढून खडी पसरणाऱ्यांनाही जरा सांगा. दुपारी तापते ती, शेजारच्या झाडांना भाजून काढते. त्यापेक्षा पालापाचोळा पसरा, पाचेक सेंटीमीटर, फक्त खोडाला टेकवू नका. बुंध्याशी ओल धरून राहते.

नुसतीवाचणारी: पहिल्यांदाच लिहितेय. हिरवळीला एवढे शिव्याशाप का? हरळी पाण्यावाचून पिवळी पडते, मरत नाही. पाऊस पडला की पुन्हा फुटते. आपल्याला ती बारा महिने हिरवीगार हवी असते, म्हणून पाइप सुरू. त्यात गवताचा काय दोष?

मातकट: हरळीपुरता शब्द मागे घेतो. बोगनवेलीचा मात्र नाही घेणार. पाणी जरा तोडलं की लगडते, जास्त घातलं की नुसता पाला. कर्दळीकडून एवढं करून दाखवा, मग पाडतो वाफे.