मार्चच्या मध्यात पक्षीनिरीक्षण फेरी: हिप्परगा की नान्नज?

पाणकाठ:
१५ मार्चच्या सुमारास कॉलेजच्या १८ मुलामुलींना घेऊन सोलापूरजवळ फेरी काढायची आहे. ८×४२ च्या पाच दुर्बिणी आहेत, एक स्पॉटिंग स्कोपही (तिपाईवरची लांबची दुर्बीण) मिळतोय. पाहुणे पक्षी तोवर परतीला लागलेले असतील, मग दाखवण्यासारखं काही उरेल का? आणि हिप्परगा तलाव, नान्नजचा माळ दोन्ही एका सकाळी जमेल का?

धाविक:
दोन्ही एका सकाळी धरू नका. नान्नज बार्शी रस्त्यावर, हिप्परगा तुळजापूर रस्त्यावर. गाडीने जमेल, पण उजेड पुरणार नाही. मार्चच्या मध्यात आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि नऊनंतर पाण्यावर, माळावर तापलेली हवा हलायला लागते. मग स्कोप कितीही चांगला असला तरी दूरचा पक्षी थरथरणारा ठिपका होतो. अशा वेळी झूम ६० पट करून उपयोग नाही, २०-२५ वरच ठेवा. कामाचे अडीच तासच मिळतात, ते एकाच जागी घालवा.

नवख्या मुलांसाठी हिप्परगाच, म्हणजे एकरुख तलाव. माळावर पक्षी विखुरलेले असतात आणि सतत चालावं लागतं. तलावाकाठी एका जागी उभं राहून बरंच दाखवता येतं. शिवाय मार्चपर्यंत पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि परतीचे चिखलपक्षी (चिखलात खाद्य शोधणारे काठावरचे पक्षी) तिथेच चरतात. सकाळी पूर्वेच्या काठावर उभे राहा, म्हणजे सूर्य पाठीशी येईल. समोरून ऊन आलं तर सगळी बदकं काळीच दिसतात. आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन पाणी कुठपर्यंत आहे ते बघून या, कारण हा पट्टा आठवड्यात सरकतो.

चिखलावर कोणालाही उतरू देऊ नका. काळ्या मातीवर वरून भेगा पडलेली कोरडी खपली दिसते, पण खाली पाय गुडघ्यापर्यंत रुततो. गवत उगवलेली कड ही मर्यादा समजा.

१८ जणांची एक रांग नको. नऊ-नऊचे दोन गट करा, प्रत्येकात पुढे दाखवणारा आणि मागे एक सांभाळणारा. दोन गटांत दोनेकशे मीटर अंतर ठेवा. स्कोप आधी एका गटाकडे, पाऊण तासाने दुसऱ्याकडे. दुर्बिणी कमी आहेत, म्हणून पक्षी दाखवताना खुणा सांगा: "बाभळीच्या डावीकडे, पाण्याच्या कडेपासून दोन हात आत." "तो बघ, तिकडे" म्हटलं की नऊ माथी नऊ दिशांना वळतात.

शेकाट्या:
उरेल का, हा प्रश्न उलटा करून बघा. या दिवसांत संख्या घटते, पण रंग येतो. डिसेंबरात सगळे करडे दिसणारे पक्षी आता विणीच्या पिसाऱ्यात येऊ लागतात. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या मानेवर तांबूस छटा चढते. कुरवांच्या (पाण्यावरचे गल पक्षी) डोक्यावर गडद टोपी येते, आणि चूक इथेच होते: काळ्या डोक्याच्या कुरवाची टोपीसुद्धा तपकिरीच असते. टोपीवरून ठरवू नका. उडताना पंखांचं टोक बघा. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात आणि पूर्ण वाढलेल्याचा डोळा फिकट दिसतो. काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद, आणि पंखाची पुढची कड पांढरी.

धोब्यांचंही तेच. नुसतं पिवळं दिसलं की "पिवळा धोबी" म्हणून मोकळे होऊ नका. पिवळ्या डोक्याच्या धोब्याच्या नराचं सगळं डोकं पिवळं, मानेमागे काळा पट्टा, पाठ राखाडी. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट, आणि डोक्याचा रंग उपजातीप्रमाणे करडा किंवा काळा. आधी पाठ, मग डोकं. भोवत्यांच्या (माळावर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी) माद्या मात्र लांबून वेगळ्या करण्याच्या फंदात पडू नका. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर "मोंटेगू किंवा फिकट भोवत्या" अशी जोडनोंद करता येते, तीच प्रामाणिक.

गुलाबी मैनांसाठी, म्हणजे भोरड्यांसाठी, फुललेली पळस-सावर बघून ठेवा. मधासाठी थवे तिथे येतात.

पाणकाठ:
ठरलं, हिप्परगाच. किती जवळ जायचं? मुलांना फोटो हवे असतात. आणि आवाज वाजवून पक्षी बोलावावा का?

धाविक:
मीटर मोजण्यापेक्षा पक्ष्याकडे बघा. चरायचं थांबवून माना वर झाल्या, की तुम्ही आधीच जास्त जवळ आलात. सगळे एका दिशेने चालू लागले की पुढची पायरी उडण्याची. माना वर दिसताच थांबा, चार पावलं मागे या, खाली बसा. हे फक्त शिस्तीसाठी सांगत नाही. या पक्ष्यांना हजारो किलोमीटर जायचं आहे आणि त्यासाठी ते आत्ता अंगात चरबी साठवत आहेत. प्रत्येक वेळी उडवलं की त्यातली थोडी जळते आणि चरायचा वेळही जातो. एका फोटोसाठी दोनशे पक्ष्यांचा थवा उठवणं मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायचं नाही. फोटो हवा तर एका जागी बसून राहा, चिखलपक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात.

आवाज अजिबात वाजवू नका. इथल्या पक्ष्यांची वीण सुरू होत असते; नर घरटं सोडून खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडत बसतो.

भगवा, पांढरा, लाल कपडा नको. मातकट, खाकी बरा. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, आणि खायला कडक भाकरी-शेंगाचटणी. उन्हात खराब होत नाही आणि प्लास्टिकचा कचराही होत नाही.

काळवीट:
नान्नज पुढच्या खेपेला ठेवलंत तर दोन गोष्टी. ते माळढोक अभयारण्य आहे, आधी वनखात्याची परवानगी घ्या आणि ठरलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका. माळढोक दिसेल असं मुलांना सांगू नका. तो अतिसंकटग्रस्त आहे, त्याच्या मागावर गट नेणंच चूक. धाविक, डोंबारी, पखुर्डी हे माळावरचे पक्षी आणि काळवीट एवढं दाखवलंत तरी सकाळ भरते.

दुसरं, जमिनीवरची घरटी. माळटिटवी आणि धाविक उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, रंग खड्यांसारखा, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. टिटवी डोक्यावर फिरून ओरडायला लागली तर घरटं शोधू नका, फोटोसाठी घिरट्या नकोत. ज्या वाटेने आलात त्याच पावलांवर मागे फिरा. तिथे रेंगाळलात तर उन्हात अंडी उघडी राहतात, आणि कावळे माणसांवर लक्ष ठेवून असतात. टिटवी गप्प झाली की समजा, तुम्ही पुरेसे लांब आलात.