चिंतासदृश वर्तनाच्या प्रयोगासाठी डीपीएन घ्यावे का? सल्ला हवा आहे

प्रश्न – परळची विद्यार्थिनी

नमस्कार. अंडाशये काढलेल्या मादी उंदरांच्या चिंतासदृश वर्तनात इस्ट्रोजेनच्या बीटा-रिसेप्टरचा (पेशीतील दोन प्रमुख इस्ट्रोजेन-ग्राहींपैकी एकाचा; दुसरा अल्फा) वाटा किती, हे मला एलिव्हेटेड प्लस मेझवर, म्हणजे दोन उघड्या आणि दोन बंद भुजांच्या उंच, अधिक-चिन्हाकृती चौकटीवर, तपासायचे आहे. मार्गदर्शकांनी डीपीएन, म्हणजे डायअरिलप्रोपिओनायट्राइल, हे बीटाला चेतवणारे संयुग सुचवले आहे. एवढे एकच संयुग पुरेसे आहे का, आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्याचे द्रावण कसे सांभाळावे?

प्रतिसाद – शीवकर

डीपीएन अवश्य घ्या, परंतु एकटे घेऊ नका. बीटा-रिसेप्टर १९९६ साली उंदराच्या प्रोस्टेटमधून सापडला आणि त्यानंतर काही वर्षांतच हे संयुग आले. अल्फाच्या तुलनेत बीटाशी ते सुमारे ७० पट अधिक घट्ट बांधले जाते, पण हा आकडा परीक्षानळीतला आहे. डोस वाढवत गेलात की अल्फाही जागा होतो आणि निवडकपणा हातचा जातो. म्हणून अल्फासाठी पीपीटीचा (अल्फाला निवडकपणे चेतवणाऱ्या संयुगाचा) गट ठेवावा, आणि डीपीएनचा परिणाम पीएचटीपीपी या बीटारोधकाने पुसला जातो का, तेही पाहावे. माझ्या मते या तिसऱ्या गटाशिवाय निष्कर्ष लिहूच नये. बाजारात मिळणारे डीपीएन सहसा एकमेकांच्या आरशातील प्रतिमांसारख्या दोन रूपांचे मिश्रण असते, तेव्हा बाटलीवर काय लिहिले आहे ते नोंदवहीत उतरवून ठेवा.

हे संयुग पाण्यात विरघळत नाही. डीएमएसओ या द्रावकात साठा-द्रावण करून लहान नळ्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवा. डीएमएसओ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे जुलैत बाटली उघडी ठेवून वजने करत बसू नये. ते साधारण १८.५ अंशांना गोठते, म्हणून वातानुकूलित खोलीत तळाशी खडे दिसले तर घाबरू नका. कोमट करून नीट ढवळले की पुरे.

प्रतिसाद – माटुंगाकर

वरील सल्ला योग्यच आहे, पण मला खरी काळजी खाद्याची वाटते. आपल्याकडच्या उंदरांच्या बहुतेक पेलेटमध्ये (खाद्याच्या गोळ्यांत) सोयापेंड असते, आणि सोयातील जेनिस्टीन नेमके बीटाकडेच अधिक झुकते. म्हणजे अंडाशये काढून संप्रेरक थांबवले, तरी तुमच्या व्हेइकल गटाच्या (औषधाविना फक्त द्रावक दिलेल्या गटाच्या) पोटात बीटाला चेतवणारा पदार्थ रोज जातच राहील. केसीन या दुधातील प्रथिनावर आधारित सोयाविरहित खाद्य मागवा आणि शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू करा. जुने, तडकलेले पॉलिकार्बोनेटचे पिंजरेही टाळा, कारण त्यांतून इस्ट्रोजेनसारखे वागणारे बिस्फेनॉल ए झिरपते.

शस्त्रक्रियेनंतर योनिस्रावाच्या काचपट्ट्या तपासाव्यात: केंद्रक नसलेल्या, कडा दुमडलेल्या चपट्या पेशींचे थवे पुन्हा दिसू लागले, तर अंडाशयाचा तुकडा आत राहिला आहे असे समजावे. परळ-लालबागला गणेशोत्सवात ढोलताशे वाजत असताना मेझवर उंदीर ठेवू नका. त्या दिवसांची भीती औषधाच्या खात्यात जमा होईल. शिवाय एक उंदीर मेझवर एकदाच वापरावा, कारण दुसऱ्या खेपेला तो उघड्या भुजांकडे मुळातच कमी जातो.

परळची विद्यार्थिनी

दोघांचेही मनापासून आभार. सोयाचा विचार आमच्या आराखड्यात नव्हता. आता गट वाढतील, तर समितीकडे पुन्हा जावे लागेल का?

प्रतिसाद – शीवकर

हो. प्राण्यांची संख्या किंवा संयुग बदलले, की संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची सुधारित मंजुरी घ्यावीच लागते. पीपीटी आणि पीएचटीपीपी हे दोन्ही गट कारणांसह एकाच अर्जात दाखवा, आणि मंजुरी हाती येईपर्यंत शस्त्रक्रिया सुरू करू नका.