पहिल्यांदा बसने निघालात तेव्हाची फजिती (अनुभव धागा)

चाळिशी उलटेपर्यंत मी कधी बसने गेलो नव्हतो. आधी वडिलांची गाडी, मग माझी. डोळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही महिने गाडीला हात लावू नका म्हणून बजावलं आणि मी थांब्यावर जाऊन उभा राहिलो. माझ्या नंबरची बस आली आणि माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. दुसरीनेही तेच केलं. शेवटी शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, हात करा! नुसतं बघत राहिलात तर त्याला कसं कळणार?"
गाडी शिकवायला क्लास आहेत, बसमध्ये बसायला शिकवणारं कुणी नाही. म्हणून हा धागा. उपदेश नंतर, फजिती आधी.

उलट्या दिशेची प्रवासी
माझी घ्या. नंबर बरोबर, बस बरोबर, खिडकीही मिळाली. फक्त रस्त्याची बाजू चुकली. जाणाऱ्या आणि येणाऱ्या बसचा नंबर एकच असतो, पाटीवरचं शेवटच्या थांब्याचं नाव तेवढं बदलतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वीसेक मिनिटांनी बस रिकामी होत गेली. मला वाटलं, वा, आज गर्दी नाही! मग ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, पाण्याची बाटली काढली आणि आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. "ताई, इथून पुढे बस जात नाही." कुठे जायचंय ते सांगितल्यावर हसला नाही बिचारा. "बसून राहा, दहा मिनिटांनी हीच परत निघेल," म्हणाला. दुसरं तिकीट मात्र काढावं लागलं.
तेव्हापासून चढण्याआधी "अमुक ठिकाणाहून आली का?" असं नाही, "अमुक ठिकाणी आता जाणार ना?" असं विचारते. त्या 'आता'ला फार किंमत आहे.

दांडीधरू
+१. शिवाय नंबरापुढचं अक्षर बघा. नुसता नंबर वेगळा आणि त्याला 'अ' जोडलेला वेगळा. माझी 'अ'वाली अर्ध्या वाटेतून भलतीकडे वळली.
उभं राहण्याचंही शास्त्र आहे. मी आधी पाकीट काढायचो, मग दांडी शोधायचो. एका ब्रेकला थेट एका आजोबांच्या मांडीवर. आता आधी दांडी, मग पाकीट. पाय थोडे फाकवून, एक पुढे एक मागे. आणि अगदी मागच्या टोकाला उभं राहू नका. मागच्या चाकांच्याही मागे निघालेला तो भाग खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतो. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे त्यामानाने शांत असतं.

मुकी_घंटी
मी बटण दाबायला लाजायचे. कुणीतरी दाबेलच, असं धरून चालायचे. एकदा कुणीच दाबलं नाही. दोन थांबे चालत परत.

माजी डेपोवाला
"अर्धा तास एक नाही आणि मग तीन एकदम" ही तक्रार नोकरीभर ऐकली. मुद्दाम कुणी करत नाही हो. पुढची बस सिग्नलला जरा रखडली की पुढच्या थांब्यावर माणसं वाढतात. ती चढेपर्यंत आणखी उशीर. मागचीला त्यामुळे माणसंच उरत नाहीत, ती झपझप येऊन पुढचीला गाठते. तेव्हा तीन दिसल्या तर पहिलीत कोंबून घेऊ नका, दुसरीत बहुतेक बसायला मिळेल.
आणि वेळापत्रकातली वेळ बऱ्याचदा पहिल्या थांब्यावरून सुटायची असते. मधल्या थांब्याची वेळ आपण धरायची.

अवांतर_आजोबा
अवांतर: 'बस' म्हणजे 'ऑम्निबस'ची शेपटी. लॅटिनमध्ये अर्थ 'सर्वांसाठी'. पण १६६२ साली गणितज्ञ पास्कलच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये ठरलेल्या मार्गांवर भाड्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या, तेव्हा त्यात सैनिकांना आणि नोकरचाकरांना मज्जाव होता. सर्वांसाठी व्हायला वेळ लागला.

गुडघेदुखी
माझा किस्सा उलटा. दारात उभी होते, फुस्स असा आवाज झाला आणि बस माझ्या बाजूला कलली. मी घाबरून दोन पावलं मागे. वाटलं, टायर गेला! मागच्या मुलाने सांगितलं, "आजी, तुमच्यासाठीच खाली केलीय." खालच्या पायरीच्या काही बसना ही सोय असते, हवा सोडून दाराकडची बाजू खाली आणतात. त्याने माझी काठी बघून आपणहून केलं. आता मीच सांगते, "जरा खाली करता का?"

छत्रीवाला
तिकीट उतरल्याबरोबर फेकू नका. तपासनीस येतो म्हणून नव्हे (येतोच). मी छत्री बसमध्ये विसरलो. डेपोत गेलो तर पहिला प्रश्न, "कुठली बस?" मी मार्गाचा नंबर सांगितला. "त्या नंबरच्या दिवसभरात कितीतरी जातात. तिकिटावर वेळ असेल बघा." तिकीट मी थांब्यावरच टाकलेलं. तरी त्यांनी आतून एक खोका आणला. अकरा छत्र्या, सगळ्या काळ्या. माझी निळी होती.